उमेदवारी

बदलीच्या नोकरीत माणसाला जी काही पदे न मागता मिळतात, त्यांत सल्लागाराचे पद हे एक आहे. मूळ गावी ज्याला कोणी काही विचारले नसते, तो परप्रांतातील चार मराठी कुटुंबांच्या वस्तीत मुलांच्या शाळेपासून मुलींच्या स्थळांपर्यंत प्रत्येक बाबतीत मत देऊ लागतो. त्यातून त्याने एखाद्या मासिकात दोन-चार लेख लिहिले असले, तर त्याच्या मताला उगाचच वजन प्राप्त होते. हे वजन किती पोकळ असते, याचा अनुभव मला गेल्या वर्षी आला. त्या अनुभवातून जो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, तो एकट्या माझा नाही असे वाटल्यावरून तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

गणेशोत्सवातली संध्याकाळ होती. आरती आटोपली होती आणि कलकत्त्याच्या त्या दमट हवेत मंडळी प्रसादाचे द्रोण हातात घेऊन पंख्याखालची जागा शोधीत होती. माझ्या कचेरीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला मंडपाच्या कडेला बोलावले. त्यांची मुलगी पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झाली होती, आणि आता तिला चित्रपटविद्यालयात जाऊन ध्वनिमुद्रण शिकायचे होते. “तुम्ही लिहिता-वाचता. आमचं नाही ऐकत, तुमचं ऐकेल. जरा समजावून सांगा,” असे म्हणून ते मुलीला घेऊन आले आणि स्वतः दूर जाऊन उभे राहिले.

मी तिला जे सांगितले, ते आपल्यापैकी कोणीही सांगितले असते. आधी एखादी स्पर्धापरीक्षा देऊन नोकरी पदरात पाडून घ्यावी. पोटाची चिंता मिटली की संध्याकाळ आपलीच असते, रविवार आपलाच असतो. कलेला तेवढा वेळ पुरतो. मुलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “काका, तुम्हीही तसंच केलंत ना? मग उरला का वेळ?”

त्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती. मी द्रोणातला शिरा संपवण्याच्या निमित्ताने काही क्षण मिळवले, काहीतरी गुळमुळीत बोललो आणि सुटका करून घेतली. पण त्या दिवसापासून दोन प्रश्न माझ्या मागे लागले. ज्या व्यवसायात बहुतेकांच्या वाट्याला अनिश्चितता येते हे आपल्याला ठाऊक आहे, त्याचे शिक्षण तरुणांना देणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे काय? आणि जो मार्ग आपण चाललोच नाही, त्यावरून दुसऱ्याला परत फिरवण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

अशा शिक्षणावर पालकांचे जे आक्षेप असतात, ते ढोबळमानाने तीन आहेत. कला शिकवून येत नाही, हा पहिला. या धंद्यात पोट भरेल याची शाश्वती नाही, हा दुसरा. आणि ते क्षेत्र चांगले नव्हे, हा तिसरा. तिन्ही आक्षेप अनुभवातून आलेले आहेत. म्हणून त्यांची थट्टा न करता ते एकेक करून तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती मोठी नावे असतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा या देशात चित्रपटविद्यालय कोठे होते? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी चित्रीकरणाचे यंत्रसुद्धा घरीच घडवले. सत्यजित राय जाहिरातीच्या कचेरीत चित्रकार म्हणून नोकरी करीत होते आणि सवडीच्या दिवशी ‘पथेर पांचाली’चे चित्रण करीत होते. त्या चित्रपटाचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी तोपर्यंत चलच्चित्राचा कॅमेरा चालवलेलाही नव्हता. हा चित्रपट १९५५ साली प्रकाशित झाला आणि जगाने त्याची दखल घेतली. तेव्हा ज्याच्यात आहे त्याच्यात ते असतेच, आणि ज्याच्यात नाही त्याच्यात कोणतेही विद्यालय ते घालू शकत नाही, असा हा युक्तिवाद आहे.

परंतु ही उदाहरणे नीट पाहिली तर ती उलटीच साक्ष देतात. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले होते. आपल्या वाचकांना विशेष वाटेल ते हे, की काही काळ ते पुरातत्त्व खात्याच्या सरकारी नोकरीतही होते. चित्रपट काढायचा हे ठरल्यावर १९१२ साली ते लंडनला गेले, ते हे तंत्र पाहून-शिकून यंत्रसामग्री आणण्यासाठीच. राय यांचे चित्रकलेचे शिक्षण शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या छायेत झाले होते. १९५० साली कचेरीच्या कामासाठी ते काही महिने लंडनला राहिले आणि तेवढ्या अवधीत त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. सुब्रत मित्रांनी फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार यांचे बंगालमधील चित्रण चालू असताना ते दिवसचे दिवस बारकाईने पाहिले होते. म्हणजे ही माणसे अशिक्षित नव्हती. त्यांना तयार विद्यालय मिळाले नाही म्हणून त्यांनी ते तुकड्यातुकड्यांनी गोळा केले, एवढेच.

आणि या गोळा करण्याचा खर्च कोणी सोसला? फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी कच्च्या फितीला छिद्रे पाडण्यापासून रसायने कालवण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाईंनी केली, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. भांडवलासाठी त्यांचे दागिने गहाण पडले. कला शिकवावी लागत नाही असे आपण म्हणतो तेव्हा शिक्षणाची फी कोणीतरी घरातल्या घरात मुकाट्याने भरलेली असते आणि पावतीवर तिचे नाव नसते, हे आपण विसरतो.

विद्यालये निघण्यापूर्वी आपल्याकडे शिक्षणाची जी रीत होती, तिला मराठीत ‘उमेदवारी’ असा फार चांगला शब्द होता. आज उमेदवार म्हटला की निवडणूक आठवते किंवा परीक्षेचा अर्ज. पण पूर्वी एखाद्या धंद्यात शिरू पाहणारा मुलगा काही काळ बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर राहून पडेल ते काम करी, त्याला उमेदवारी करणे म्हणत. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी अशीच तयार झाली. त्यांनीच भागीदारांसह १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली आणि १९३३ साली ती पुण्यास नेली. बोलपटाचे युग आले तेव्हा ध्वनिमुद्रणासारखे सर्वस्वी नवे अंग दामल्यांनी हाताळून आत्मसात केले. पुढे दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’चा गौरव दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात झाला. या पुरुषांनी कोणत्याही विद्यालयाची पदवी घेतलेली नव्हती, पण त्यांना गुरू होता, कारखाना होता आणि चुका करण्याची मुभा होती.

उमेदवारीची ही रीत थोर होती. पण ती न्याय्य होती काय? कारखान्याचे दार कोणासाठी उघडत असे? जो त्याच गावचा होता, ज्याचा कोणी ओळखीचा आत होता, ज्याला वर्ष-दोन वर्षे पगारावाचून राहणे परवडत होते, आणि जो मुलगा होता, त्याच्यासाठी. गुणी पण अनोळखी माणसाला त्या दारावर थाप मारण्याचीही सोय नव्हती. १९५१ साली स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने सरकारला ज्या सूचना केल्या, त्यांत चित्रपटाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेची सूचना होती. त्यानुसार १९६० साली पुण्यास केंद्र सरकारची संस्था निघाली, आणि ती निघाली ती बंद पडलेल्या ‘प्रभात’च्याच जागेवर. ज्या आवारात पूर्वी ओळखीने आणि नशिबाने प्रवेश मिळे, त्याच आवारात आता अर्ज, परीक्षा आणि मुलाखत यांनी प्रवेश मिळू लागला. दुसरी संस्था १९९५ साली सत्यजित राय यांच्या नावाने येथे कलकत्त्यात स्थापन झाली.

वाचकहो, परीक्षेने उघडणाऱ्या दाराचे मोल आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात दिल्लीला ओळख असलेला कोणी नव्हता. छापील नियम होते, जाहिरात होती, गुणवत्ता-यादी होती. म्हणून आपण आत आलो. केरळातील एका लहानशा खेड्यातला तरुण पुण्यास येऊन ध्वनिमुद्रण शिकतो आणि २००९ साली रसूल पूकुट्टी या नावाने ऑस्कर पारितोषिक घेतो. पुण्यासच संकलन शिकलेल्या रेणू सलुजा पुरुषांच्या समजल्या गेलेल्या त्या कामात आपले स्थान निर्माण करतात. दिग्दर्शन शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या चित्रपटाला २०२४ साली कानच्या महोत्सवात ग्रां प्री मिळते. यांतील कोणाच्याही अंगी विद्यालयाने प्रतिभा घातली नाही. विद्यालयाने दार दिले. कला शिकवता येते की नाही हा वाद तत्त्वज्ञांनी खुशाल चालू ठेवावा. दार उघडता येते की नाही, याविषयी मात्र वाद नाही. आणि जे उघडता येते ते बंद ठेवणे, हे नीतीच्या दृष्टीने तटस्थ कृत्य नव्हे.

येथे माझीच एक चूक मला दाखवली पाहिजे. वरील तीन नावे घेताना मी तेच केले, जे अशा अभ्यासक्रमांच्या जाहिराती करतात. यशस्वी झालेल्यांची छायाचित्रे छापायची आणि बाकीच्यांविषयी मौन पाळायचे, ही ती रीत. दुसरा आक्षेप नेमका या मौनाविषयी आहे आणि तो तिन्हींत सर्वांत सबळ आहे.

त्याचा विचार करताना अनिश्चितता आणि फसवणूक या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. अनिश्चिततेत नेणे हा अपराध नाही. तसे मानले तर शेतकऱ्याने मुलाला शेती शिकवू नये आणि कोळ्याने मुलाला समुद्रावर नेऊ नये. पुढे काय आहे हे ठाऊक असून ते लपवणे हा अपराध आहे. आज शहरोशहरी ‘माध्यम-शिक्षणा’च्या नावाखाली भरमसाट शुल्क घेऊन चालणारे वर्ग दिसतात. त्यांतला जो चालक कर्ज काढून आलेल्या मुलाला सांगतो की येथून बाहेर पडलास की पडद्यावर दिसशील, तो शिक्षक नव्हे, सोडतीची तिकिटे विकणारा दुकानदार आहे. उलट जो पहिल्याच दिवशी सांगतो की तुमच्यापैकी थोड्यांचीच नावे लोकांना कळतील, बरेचजण दुसऱ्यांच्या चित्रपटांत निनावी राबतील आणि काही हा धंदा सोडतील, आणि एवढे सांगून मग शिकवू लागतो, त्याने विद्यार्थ्याला अनिश्चिततेतच नेले असले तरी त्याचे डोळे उघडे ठेवून नेले आहे. निवड विद्यार्थ्याचीच राहिली. नीतीचा कस येथे लागतो.

आणि अनिश्चिततेविषयी बोलताना आपण आपल्या मार्गाकडेही जरा पाहावे. मी त्या मुलीला “आधी स्पर्धापरीक्षा” असे सांगितले, ते जणू ती बँकेतली मुदत ठेव आहे अशा थाटात. वस्तुतः लाखो मुले त्या परीक्षांना बसतात आणि बोटावर मोजण्याइतक्या टक्क्यांना जागा मिळतात. वयाची मर्यादा संपेपर्यंत पाच-पाच, सात-सात वर्षे वाचनालयाच्या बाकांवर घालवलेले तरुण आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या जुगाराला आपण ‘सुरक्षित मार्ग’ म्हणतो, कारण त्यात जिंकलेली माणसेच सल्ला द्यायला बसलेली असतात. हरलेल्यांना सल्ला कोणी विचारीत नाही. जाहिरातदाराच्या छायाचित्रांत आणि आपल्या सल्ल्यात मग फरक तो किती राहिला?

असे कोणी म्हणेल की परीक्षेत हरलेल्याजवळ निदान सामान्यज्ञान उरते, चित्रपटात हरलेल्याजवळ काय उरते? त्याच्या हाती कसब उरते, हे उत्तर मी पूर्वी दिले असते. आज ते तसे देता येत नाही. ज्यांनी फीत हाताने कापून-जोडून संकलन शिकून घेतले, त्यांची मेजे संगणक आल्यावर अडगळीत गेली. फितीवरचे छायालेखन शिकलेल्यांच्या डोळ्यांदेखत ती फीतच नाहीशी होत गेली. कसब यंत्राबरोबर जुने होते. तेव्हा शिक्षणात टिकणारे काही असेल तर ते कसबाच्या पलीकडचे असले पाहिजे.

या संदर्भात मला ऋत्विक घटकांचे उदाहरण नेहमी विलक्षण वाटते. व्यवहाराच्या भाषेत त्यांना यशस्वी म्हणणे कठीण. त्यांचा पहिला चित्रपट ‘नागरिक’ त्यांच्या हयातीत प्रकाशितच झाला नाही. ते १९७६ साली वारले आणि तो लोकांपुढे आला १९७७ साली. असा हा मनुष्य १९६०-७० च्या दशकाच्या मध्यास थोडा काळ पुण्याच्या विद्यालयात शिकवीत होता, आणि त्याच्या हाताखालून मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम यांच्यासारखे विद्यार्थी बाहेर पडले. त्यांतील प्रत्येकाने चित्रपट काढले ते आपापल्या वाटेने. गुरूची नक्कल कोणी केली नाही. धंद्यात कसे टिकावे हे घटक शिकवू शकत नव्हते, कारण ते त्यांनाच साधले नव्हते. त्यांनी दिले ते पाहण्याचे गांभीर्य. एखादी गोष्ट तुला खरोखर दिसली आहे काय, की दिसल्यासारखे तू दाखवीत आहेस, हा प्रश्न ज्याला एकदा लागला, तो पुढे चित्रपट काढो, शाळेत शिकवो की आमच्यासारखा टिपणे लिहीत बसो, तो प्रश्न त्याला सोडीत नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याला उपजीविका देण्याची हमी घेऊ नये, कारण ती त्याच्या हाती नाही. पण हा प्रश्न देण्याची हमी त्याने घेतली पाहिजे, कारण ती त्याच्या हाती आहे.

येथून आपण तिसऱ्या आक्षेपाकडे येतो. ते क्षेत्र चांगले नव्हे, असे म्हणताना पालकांच्या मनात दोन वेगवेगळ्या भीती असतात. आपले मूल बिघडेल ही एक, आणि आपल्या मुलाला कोणी इजा करील ही दुसरी.

पहिल्या भीतीत लोक समजतात त्याहून अधिक अर्थ आहे. जगातले पहिले सरकारी चित्रपटविद्यालय १९१९ साली मॉस्कोत निघाले. तेथील लेव्ह कुलेशोव्ह यांचा एक प्रयोग आज प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घ्यावयाचा आणि त्याच्यापुढे एकदा सूपाची बशी, एकदा शवपेटी, एकदा दुसरेच काही जोडावयाचे. पाहणाऱ्याला त्या एकाच चेहऱ्यावर एकदा भूक दिसते, एकदा शोक, एकदा आणखी काही. चेहरा बदललेला नसतो, शेजार बदललेला असतो. या ज्ञानाने माणसाचे हृदय हलवता येते आणि त्याच ज्ञानाने एखाद्या निरपराध माणसाला गुन्हेगार ठरवता येते. वृत्तवाहिनीवर एखाद्याच्या चेहऱ्याशेजारी जळती दुकाने सतत दाखवत राहिले, की एक अक्षरही खोटे न बोलता खोटे सांगता येते. आता तर प्रत्येक मुलाच्या खिशात चित्रण करणारे आणि संकलन करणारे यंत्र आहे. हा प्रयोग न शिकवल्याने कोणी निष्पाप राहत नाही. फक्त फसवणारे तेवढे जाणते आणि फसणारे अजाण, अशी विभागणी होते. म्हणून हे ज्ञान देऊ नये, असे मी म्हणणार नाही. उलट ते सर्वांनाच थोडेथोडे द्यावे असे म्हणेन. पण ज्याला ते पूर्णपणे द्यायचे, त्याच्यावर एक बंधनही घातले पाहिजे. वैद्याला विषाची मात्रा शिकवतात तेव्हा ती कोणाला द्यायची नाही हेही शिकवतात. चित्रपटाच्या आणि पत्रकारितेच्या शिक्षणात हा दुसरा धडा एखाद्या व्याख्यानापुरताच उरला, तर पालकांची भीती खरी ठरेल. विवेक व्याख्यानाने येत नाही. विद्यार्थ्याच्या कामापुढे बसून “हा टाळ्यांचा आवाज तेथे होता, की तू आणून घातलास?” असे रोज विचारणारा शिक्षक असेल तरच तो येतो.

दुसरी भीती मुलींच्या बाबतीत अधिक बोलून दाखवली जाते, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘राजा हरिश्चंद्र’त तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले, कारण पडद्यावर यायला स्त्री मिळेना. त्यानंतर शंभर वर्षे उलटली. २०१७ साली केरळ सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१९ साली सादर झाला, पण लोकांपुढे आला तो २०२४ च्या ऑगस्टमध्ये. मल्याळी चित्रपटसृष्टीत स्त्रियांना होणारा लैंगिक छळ, लेखी कराराचा अभाव, चित्रणस्थळी साध्या स्वच्छतागृहाचीही गैरसोय, असे त्यात पुष्कळ काही नोंदलेले आहे. हे वाचून कोणत्याही पित्याच्या पोटात गोळा उठेल.

परंतु या भीतीतून निघणारा निष्कर्ष तपासून पाहिला पाहिजे. घर असुरक्षित आहे म्हणून घरात शिरणाऱ्यालाच बंदी करणे, म्हणजे चोराची शिक्षा वाटसरूला देणे होय. शिवाय आपल्या कचेऱ्यांतही स्त्रिया आल्या तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे स्वच्छतागृह नव्हते आणि तक्रार ऐकणारी समिती नव्हती. ती आली ती नियमांनी आली, आणि नियम आले ते आत शिरलेल्या स्त्रियांनी ते मागितले म्हणून. चित्रपट-कामगाराला लेखी करारावाचून कामावर ठेवू नये, असा कायदा संसदेने १९८१ सालीच केला होता. पुढे तो विषय २०२० च्या कामगार-संहितेत अंतर्भूत झाला. कायदा होता, पण करार मागायचा असतो हे काम करणाऱ्यालाच माहीत नव्हते, किंवा माहीत असून मागण्याचे बळ नव्हते. तेव्हा जे विद्यालय प्रकाश आणि ध्वनी शिकवते आणि करार वाचायला शिकवत नाही, ते अर्धेच शिकवते. आम्ही कारकून मंडळी कागदाला फार चिकटतो अशी आमची थट्टा होते. पण दुबळ्या माणसाजवळ कागदाइतके स्वस्त शस्त्र दुसरे नाही, हे आम्हीच सांगू शकतो.

तीन आक्षेपांची तपासणी येथे संपते. तिचे सार असे, की अनिश्चित व्यवसायाचे शिक्षण देणे अनीतीचे नाही. पण ते देणाऱ्यावर तीन ऋणे चढतात. दार सर्वांना सारखे उघडे ठेवण्याचे, यशापयशाविषयी खरे सांगण्याचे, आणि कसबाबरोबर विवेक व स्वसंरक्षण शिकवण्याचे. ही ऋणे जो फेडीत नाही त्याने विद्यालय चालवू नये.

तथापि माझा दुसरा प्रश्न अजून शिल्लकच आहे. “उरला का वेळ?”

खरे उत्तर असे आहे, की वेळ उरला. शासनाची कृपा आहे. सहानंतर संध्याकाळ माझीच असते. पण उरतो तो उरलेला वेळ असतो. दिवसाचा सगळा ताजेपणा ज्या कामाला दिला, त्यातून गाळ राहावा तशी ती संध्याकाळ हाती येते. तिच्यात दोन-चार लेख झाले; ज्या कादंबरीसाठी नोकरी धरली होती, ती झाली नाही. राय यांचे उदाहरण मी स्वतःलाही पुष्कळदा सांगितले होते. ते सांगताना एक गोष्ट मी सोयीने वगळीत असे, ती ही की त्यांनी पुढे ती नोकरी सोडली. याचा अर्थ नोकरी वाईट असा नव्हे. तिने माझ्या आईचे आजारपण निभावले, भावाचे शिक्षण केले, आणि तिच्याविषयी मी कृतघ्न नाही. पण त्या मुलीला सल्ला देताना मी तिच्या भविष्याचा विचार करीत नव्हतो. माझ्या भूतकाळाचे समर्थन करीत होतो. तिने माझा मार्ग धरला असता तर माझी निवड बरोबर होती, असा आणखी एक पुरावा मला मिळाला असता. सल्ल्यातली अनीती येथे आहे. तो चुकीचा असण्यात ती नाही. तो दुसऱ्याच्या आयुष्यावर स्वतःचा हिशोब मिटवण्यासाठी दिलेला असण्यात ती आहे.

मग सल्ला देऊच नये काय? तसेही नाही. मौन हीसुद्धा पळवाट असू शकते. मला वाटते, सल्ला देणाऱ्याने त्याच्या फळात वाटा उचलण्याची तयारी ठेवावी. ‘जाऊ नकोस’ म्हणणाऱ्याने न गेल्याच्या खंतीत वाटा घ्यावा, ‘जा’ म्हणणाऱ्याने गेल्याच्या खर्चात घ्यावा. सरस्वतीबाईंनी फाळक्यांना कोणता उपदेश केला हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्यांनी दागिने दिले, हे सर्वांना ठाऊक आहे.

दिवाळीनंतर मी त्या सहकाऱ्यांच्या घरी गेलो आणि जे बोललो होतो ते परत घेतले. मुलीला पाठवाच, असे मी म्हणालो नाही. तो निर्णय तिचा आणि तिच्या घरच्यांचा होता. मी एवढेच म्हणालो, की त्या दिवशी मी जे सांगितले ते माझ्याविषयी होते, तिच्याविषयी नव्हते. गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिचं ते काय असतं ते एकदा तुम्ही ऐका तरी.” मुलीने आपला फोन आणि कानाला लावायचे यंत्र माझ्या हाती दिले.

ट्रामचा आवाज होता. एक मार्ग वगळून शहरातली ट्राम बंद करण्याचा मनोदय राज्य सरकारने २०२४ साली जाहीर केला, तेव्हापासून ही मुलगी सुटीच्या दिवशी पहाटे उठून ट्रामचे आवाज टिपीत फिरत होती. वळणावर रुळांना घासणारी चाके, वाहकाच्या घंटेची दोरी, गाडी थांबल्यावर क्षणभर पडणारी शांतता आणि त्या शांततेत दूर कोठेतरी चहावाल्याने आपटलेले भांडे. या गावात मी सहा वर्षे राहत आहे आणि ट्रामने शेकडो वेळा गेलो आहे. ती शांतता मी कधी ऐकली नव्हती.

प्रवेशाच्या अर्जाला जोडायच्या कागदांची यादी मी तेथेच बसून केली. ते काम मला चांगले येते. मुलीच्या वडिलांनी शुल्क भरले, आणि पहिल्या वर्षाच्या खर्चात काही कमी पडले तर माझ्याकडे मागायचे, असे आमच्यात ठरले आहे. तिने परीक्षा दिली. निकाल अजून लागायचा आहे. तोवर ती टॉलीगंजच्या एका लहानशा ध्वनिमुद्रणगृहात सकाळी तारा गुंडाळून ठेवायला आणि संध्याकाळी नोंदी लिहायला जाते. पगार नाही, जाण्यायेण्याचे भाडे तेवढे मिळते. मात्र तेवढ्याचाही लेखी करार तिने मागून घेतला आहे. उमेदवारी या शब्दात ‘उमेद’ आधी येते, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते.